शनिवारी घरी येण्याआधी

चि. सुरज,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुझा आवाज पार बसलेला वाटला आणि तू "साधी सर्दी आहे गं" म्हणून विषय संपवलास. तुझ्यासाठी साधी असंल बाळा, तुझं वय आहे, चार दिवसात बरा होशील. पण घरात आज्जांना दमा आहे आणि ताईचं बाळ अजून दोन महिन्यांचं पण नाही. एवढ्या लहान बाळाच्या श्वासाच्या नळ्या इतक्या बारीक असतात की थोडा कफ झाला तरी त्याला दूध ओढायला होत नाही, आणि फ्लूची लस सहा महिने झाल्याशिवाय देत नाहीत, म्हणजे त्याला जपायचं ते आपणच.

तुला वाटतंय ताप आला की मग लांब राहायचं. पण फ्लू असला तर लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासूनच तो दुसऱ्याला लागतो, आणि पुढं पाच-सात दिवस तरी लागत राहतो. म्हणून मी नुसतं आजारपणाचं नाही, रोजच्या सवयीचं बोलायलेय.

तू हात कसा धुतोस ते मला ठाऊक आहे, नळाखाली बोटं भिजवली, पँटला पुसली, की बसला जेवायला. भाकरी आपण हातानंच मोडून खातो की रे! माझ्या अंगणवाडीत तीन वर्षांची पोरं नीट धुतात, चार्ट कन्नडमध्ये आहे पण मी त्यांना मराठीतच सांगते, आधी तळवे, मग बोटांच्या बेचक्या, मग हाताची मागची बाजू, मग दोन्ही अंगठे मुठीत धरून फिरवायचे आणि शेवटी नखं तळव्यावर घासायची. अंगठे आणि नखं सगळ्यांचीच राहतात, मोठ्यांची तर जास्तच. साबण लावून वीस सेकंद तरी चोळायला पाहिजे. तेलाचं भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही तसंच आहे, फ्लू आणि कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं कवच असतंय, ते साबणानं फुटतं. आणि पुसायला पँट नको, स्वतःचा धुतलेला टॉवेल ठेव.

सॅनिटायझर खिशात ठेव, पण त्यात अल्कोहोल ६० टक्क्यांच्या वर आहे काय ते बाटलीवर बघून घे. हात चिकट किंवा मातीचे असले तर त्याचा उपयोग होत नाही, आणि जुलाब-उलटीच्या काही विषाणूंवर तो चालतच नाही, तिथं साबणच.

हे काय आजकालचं खूळ नाही. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस म्हणून एक डॉक्टर होते, त्यांनी बघितलं की मढी फाडून तसंच बाळंतपणाला येणाऱ्या डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतिणी तापानं जास्त मरतात आणि सुईणींच्या वॉर्डात कमी. त्यांनी सगळ्यांना क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावलं आणि मरणारी संख्या एकदम खाली आली. तरी बऱ्याच डॉक्टरांनी त्यांचं मानलं नाही! घरात बाळंतीण आहे म्हणून मला हे सारखं आठवतंय.

आता खोकल्याचं. तळहातात खोकू नको, तोच हात मग बसच्या दांड्याला, मोबाईलला, दाराच्या कडीला लागतो आणि अशा गुळगुळीत वस्तूंवर फ्लूचा विषाणू एक-दोन दिवस पण टिकू शकतो. कोपरात खोक, नाहीतर टिश्यूत, आणि टिश्यू लगेच डब्यात टाक. बेळगावातनं खानापूरला येणारी बस तुला माहीतच आहे, पावसात सगळ्या काचा बंद आणि माणूस माणसाला चिकटून, त्यात कोण खोकलं तर सगळी गाडी तोच श्वास घेते. मास्क लाव, पाऊस नसंल तर काच थोडी उघड. लोक काय म्हणतील ते म्हणू देत. खिडकीतनं थुंकणाऱ्याचा मला फार राग येतो, तू तसलं कधी करू नको. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला तर थुंकी तपासून घ्यायची, सरकारी दवाखान्यात टीबीची तपासणी फुकट होते. मेडिकलमधून आपल्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नको, सर्दी त्यानं जात नाही.

शनिवारपर्यंत ताप-खोकला असंलच तर येऊ नको, पुढच्या आठवड्यात ये, मी डबा कोणाबरोबर तरी पाठवते. बरा असलास तरी आल्या आल्या बाळाला उचलायला धावू नको, आधी मोरीवर जाऊन हातपाय धू, कपडे बदल, मग घे, आणि गालाचा पापा घ्यायचा नाही अजून. ताईला तसं सांगायला अवघड वाटतंय, म्हणून मीच लिहिलं.

शुक्रवारी संध्याकाळी फोन कर, कसा आहेस ते खरं सांग.

तुझी आई