ब्रसेल्स कायदे लादते?

युरोपीय महासंघावरील अग्रलेख वाचला. ‘ब्रसेल्समधील नोकरशहा २७ देशांवर कायदे लादतात’ हा त्यातील सूर पटला नाही. कायद्याचा मसुदा युरोपीय आयोग, म्हणजे महासंघाची ब्रसेल्समधील कार्यकारी यंत्रणा मांडते, हे खरे. पण तो मतदारांनी थेट निवडलेल्या ७२० सदस्यांच्या संसदेत आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत, दोन्हीकडे संमत व्हावा लागतो. परिषदेत सहसा किमान १५ देश बाजूने हवेत आणि त्यांची लोकसंख्या महासंघाच्या ६५ टक्के तरी भरायला हवी.

निसर्ग पुनरुज्जीवन कायद्याचेच पाहा. २०२२ मध्ये मांडलेला हा मसुदा जून २०२४ मध्ये परिषदेत अंतिम मतदानाला आला, तेव्हा बाजूच्या २० देशांची लोकसंख्या जेमतेम ६६ टक्के भरली. ऑस्ट्रियाच्या पर्यावरणमंत्री लिओनोर गेवेसलर यांनी आपल्याच चॅन्सेलरांचा विरोध पत्करून बाजूने मत दिले नसते, तर त्या दिवशी तो अडकलाच असता. लादलेला कायदा असा काठावर तरत नाही.

टीका करायचीच, तर ती करआकारणी आणि परराष्ट्र धोरणातील एकमताच्या अटीवर व्हायला हवी होती. तिथे एकटा देश उरलेल्या २६ देशांना अडवून धरू शकतो. अग्रलेखात त्याचा उल्लेखही नाही.

– एक नियमित वाचक, सांगली