आई-बाबा, तुमच्यासाठी स्टॉकहोम बघून आलेय

प्रिय आई, बाबा,

साष्टांग नमस्कार. शनिवारी उप्सालाहून सकाळच्या ट्रेनने स्टॉकहोमला गेले होते. पुढच्या जूनमधे तुम्ही याल तेव्हा काय झेपेल, काय आवडेल, बसायची सोय कुठे आहे, सगळं तुमच्या डोळ्यांनी बघत फिरले.

बाबा, तुमच्यासाठी वासा म्युझियम, म्हणजे ‘वासा’ नावाच्या जुन्या जहाजाचं, त्याला अख्खी सकाळ ठेवायची. तुमची सगळी नोकरी माझगाव गोदीत गेली, तुम्हाला हे जहाज जसं कळेल तसं मला कळणं शक्य नाही. राजा गुस्ताव अडॉल्फचं नवंकोरं लढाऊ जहाज, ६४ तोफा, १० ऑगस्ट १६२८ ला पहिल्याच सफरीला निघालं आणि साधारण १३०० मीटर जाऊन बंदरातच बुडालं! वर वजन जास्त, तळाला भार कमी, वाऱ्याची एक झुळूक आली, जहाज कललं आणि खालच्या तोफांच्या उघड्या खिडक्यांतून पाणी आत शिरलं. निघायच्या आधी टेस्ट पण झाली होती बाबा, तीस माणसं डेकवर या कडेपासून त्या कडेपर्यंत पळवली, तर जहाज इतकं डोलायला लागलं की तीन फेऱ्यांतच थांबवावं लागलं, तरी पाठवलंच कारण राजाची घाई. माणसं गेली साधारण तीस. चौकशी बसली, शिक्षा कुणालाच नाही, जहाज बांधणारा मुख्य कारागीर तर आदल्या वर्षीच वारला होता. मला फार वाईट वाटलं. इन्स्पेक्शनवाल्याने नाही म्हटलं की साहेब कितीही ओरडू दे, जहाज जागचं हलता कामा नये हे तुम्ही जेवताना किती वेळा सांगितलंय.

आणि हे खास तुमच्यासाठी: आत सुतारांच्या फूटपट्ट्या सापडल्यात, काहींचा फूट १२ इंचांचा स्वीडिश, काहींचा ११ इंचांचा अॅमस्टरडॅमचा. एकाच जहाजावर! १९६१ मधे वर काढलं तेव्हा ३३३ वर्षं पाण्यात होतं, तरी जवळपास सगळं लाकूड मूळचंच आहे, कारण इथला समुद्र कमी खारा, त्यात लाकूड पोखरणारा किडा जगत नाही. लिफ्ट आहे. आत गार आणि अंधार असतो, आई शाल घे.

तिथून स्लुसेनला फेरीबोट, आईला हा भाग आवडणार, दोन्ही बाजूंना शहर आणि मधे पाणी. मग गामला स्टान म्हणजे जुनं गाव, सगळी दगडी फरसबंदी आणि चढउतार, गुडघ्यांना त्रास नको म्हणून फक्त मोठा चौक बघायचा आणि कॅफेत बसायचं. इथे पावात वेलदोडा घालतात, बेकरीबाहेर उभं राहिलं तरी दिवाळीच्या फराळासारखा वास येतो.

टाऊन हॉलमधे गाईडबरोबरच सोडतात. त्याच्या गोल्डन हॉलच्या भिंतींवर सोन्याच्या मोझेइकचे १ कोटी ८० लाखांहून जास्त तुकडे आहेत, आई, रांगोळीचा एक ठिपका चुकला तरी पुसणारी तू, तू तिथून हलणार नाहीस. खालच्या हॉलमधे १० डिसेंबरला नोबेलची मेजवानी असते. २०१९ मधे अभिजीत बॅनर्जींनी इथे स्टॉकहोमलाच धोतर नेसून नोबेल घेतलं, त्यांची आई मराठी, मला तिथे उभं राहून खूप अभिमान वाटला.

परतताना टी-सेंट्रालेन मेट्रो स्टेशनवर मुद्दाम थांबायचं. खडकात कोरलेलं छत, त्यावर निळी वेलबुट्टी, आणि स्टेशन बांधणाऱ्या कामगारांची चित्रं पण भिंतीवर रंगवलीत. बाबा, कामगारांना असा मान दिलेला बघून तुमची फार आठवण आली.

जूनमधे दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे घाई अजिबात नाही, दुपारी दोन तास आराम करू. बाबा, पासपोर्ट बघून ठेवा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने व्हॅलिड हवा, आणि दहा वर्षांपेक्षा जुना चालत नाही. आईचा आधी बघा, तिचाच जुना आहे. व्हिसाची अपॉइंटमेंट मी इथून बघते. डॉक्टरांना प्रवासाचं विचारून गोळ्यांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या.

तुमची,
छकुली