एसी दुरुस्तीचे पक्के बिल मिळालेच पाहिजे

संपादक महोदय,
स. न.

अकोल्याचा उन्हाळा काय असतो हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात इथे कलम १४४ लावावे लागले होते, ते दंगलीपायी नव्हे, उन्हापायी. आमच्याकडे वर्षानुवर्षे कूलरच होता. पण ऐन मे महिन्यात नळाला पाणी कधी येईल त्याचा नेम नाही आणि कूलरला तर बादल्यामागून बादल्या लागतात. त्यात यजमानांची बायपास झाली, म्हणून २०२१ मध्ये दीड टनाचा स्प्लिट एसी घेतला. यंदा एप्रिलमध्ये तो थंड करीनासा झाला. पुढे जे घडले ते एकट्या आमच्याच घरी घडत असेल असे वाटत नाही, म्हणून हे पत्र.

वॉरंटी फक्त कॉम्प्रेसरची उरली होती. कॉलनीतल्या बऱ्याच घरांच्या एसींची वार्षिक देखभाल पाहणाऱ्या एका ठेकेदाराला फोन केला. त्याने दोन पोरे पाठवली. एकाने आतल्या युनिटची जाळी बाथरूममध्ये नेऊन धुतली, दुसरा गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, “काकू, गॅस संपला.” दोन हजार आठशे रुपये झाले. खोली गार झाली, पोरे गेली. पंधरवड्यात पुन्हा तेच. आता तर बारीक तांब्याच्या नळीवर बर्फ धरू लागला आणि आतल्या युनिटमधून कपाटावर पाणी टपकू लागले. या वेळी ठेकेदार जातीने आला. “पीसीबी गेली,” म्हणाला, म्हणजे एसीचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड. तो काढून नेला, दोन दिवसांनी ‘नवा’ आणून बसवला आणि साडेचार हजार घेतले. गॅस थोडा ‘टॉप-अप’ केला, त्याचे वेगळे. मे उजाडला तसा एसी नुसता पंख्यासारखा वारा सोडू लागला. त्यावर त्याचे म्हणणे असे की तुमच्या भागात व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे (स्टॅबिलायझर त्याच्या डोक्यावरच होता) आणि “गॅसची गॅरंटी कुणीच देत नाही, मॅडम.” काम बिघडले की काकूची मॅडम होते, हे माझ्या लक्षात आले.

शेवटी भाच्याच्या ओळखीचा, आयटीआयमध्ये शिकलेला एक मुलगा आला. त्याने आल्या आल्या बाहेरच्या युनिटच्या नटावर बोट फिरवून मला दाखवले. बोट काळे, तेलकट. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही झिरपते आणि त्यावर धूळ बसते, म्हणजे गळती जवळच आहे, असे त्याने सांगितले. मग साबणाचा फेस लावला. नटाच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे एकामागोमाग एक निघू लागले. नळीचे टोक, ज्याला ही मंडळी फ्लेअर म्हणतात, तिथे चिरले होते. त्याने तेवढा तुकडा कापून नवे फ्लेअर केले, नायट्रोजनचे प्रेशर देऊन काटा हलत नाही ना ते पाहिले, मग व्हॅक्यूम पंप चांगला अर्धा-पाऊण तास चालवून नळीतली हवा आणि ओल काढली. बाहेरच्या युनिटच्या पाटीवर गॅसचे नाव (आमचा आर-३२) आणि वजन ग्रॅममध्ये छापलेले असते. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून त्याने तेवढाच गॅस भरला. आधीच्या पोरांकडे काटाही नव्हता आणि पंपही नव्हता.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला तर कुठेतरी गळतोय, एवढा सरळ हिशेब. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे पुढच्या फेरीची सोय करून ठेवणे. शिवाय आर-३२ थोडाफार पेट घेणारा वायू आहे आणि हवेत सोडला तर तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो पट हातभार लावतो. तो आमच्या बेडरूमच्या खिडकीबाहेर महिनाभर गळत होता.

खरा धक्का पुढेच होता. त्या मुलाने पॅनल उघडून पीसीबी पाहिली आणि म्हणाला, “काकू, हा बोर्ड बदललेला कुठेय?” बोर्डावर कंपनीचे स्टिकर होते आणि त्यावर २०२१ चीच तारीख. खालच्या कोपऱ्यात चार वर्षांची धूळ जशीच्या तशी. आमचाच बोर्ड नेऊन आम्हालाच विकला होता.

पैसे परत मागितले तेव्हा ठेकेदाराने विचारले, “बिल आहे का तुमच्याकडे?” मी पोस्टाच्या काउंटरवर नोकरी केलेली बाई. दर वेळी पावती मागितली होती. दर वेळी उत्तर एकच, पक्के बिल हवे तर अठरा टक्के जीएसटी वर द्यावा लागेल. साडेचार हजारांचा आकडा त्याने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहून दिला. हा जीएसटीचा बागुलबुवा वाचकांनी ओळखून ठेवावा. सेवेची उलाढाल वर्षाला वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही आणि नोंदणी नसलेल्याला जीएसटी आकारताच येत नाही. पण नोंदणी असो वा नसो, पावती द्यायचीच असते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे हीच अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे.

जिल्हा ग्राहक आयोगात मी तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असे नाही, आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. ई-जागृती पोर्टलवरून अर्ज घरबसल्या भरता येतो. बिल नसले तरी यूपीआयच्या नोंदी, ‘गॅस भरला, २८०० पाठवा’ हा व्हॉट्सॲपचा निरोप, बोर्डाच्या स्टिकरचा फोटो आणि नव्या मेकॅनिकने सहीनिशी लिहून दिलेला कागद मी जोडला आहे. नोटीस पोचल्यावर ठेकेदाराचा फोन आला, “निम्मे घ्या आणि मिटवा.” मी नाही म्हटले.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या कूलिंग ॲक्शन प्लॅनमध्ये एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट होते. आमच्या जिल्ह्यात असे प्रमाणपत्रधारक कोण आहेत, त्यांची यादी आयटीआयच्या फलकावर लावायला काय हरकत आहे? आणि गळती कुठे होती, कोणता गॅस किती ग्रॅम भरला, कोणता भाग बदलला, हे बिलावर लिहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे कॉलनीच्या सोसायट्यांनी ठरवून टाकावे.

प्रकरण आयोगापुढे असल्याने ठेकेदाराचे नाव लिहिलेले नाही. पण आमच्या भागात ज्यांनी यंदा ‘नवी’ पीसीबी बसवून घेतली आहे, त्यांनी मेन स्विच बंद करून जाणकाराकडून पॅनल उघडून घ्यावे आणि स्टिकरवरची तारीख पाहावी. जुनी निघाली तर फोटो काढून ठेवावा.

आपली,
एक निवृत्त पोस्ट कर्मचारी, अकोला
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे.)