पोहेच्या टँकमधली वाळू काढायला लावणाऱ्या दादांना

दादा, थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं, समोर भेटलो की आपण पावसावर बोलतो आणि तेवढ्यात लिफ्ट येते, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

बाकीच्यांसाठी सांगते, पोहे म्हणजे आमची लेपर्ड गेको, एक पाळीव पाल, पिवळी आणि अंगभर मोहरीसारखे काळे ठिपके, नाव लेकाने ठेवलंय. पुण्यात आई झाडू घेऊन पालीमागे धावते आणि इथे रेडिंगमध्ये तिची मुलगी पैसे देऊन पाल घरी आणते, हे तिला अजून पचलेलं नाही, असो.

दुकानातून टँकबरोबर कॅल्शियमची वाळू आली, पाकिटावर लिहिलेलं की पोटात गेली तरी पचते, आणि वाळवंटातला प्राणी म्हणजे वाळू हवीच असं आम्ही धरून चाललो. तुम्ही ड्रिल द्यायला आलात, टँककडे बघितलंत आणि विचारलंत, "शी कधी केली शेवटची?" मला वाटलं लेकाबद्दल विचारताय!! मग आठवलं, पाच दिवस झालेले, किडेही सोडून देत होती. तुम्ही म्हणालात, अहो ही अफगाणिस्तान-पाकिस्तानकडच्या खडकाळ, कडक जमिनीवरची, भुसभुशीत वाळूतली नाही, आणि कॅल्शियमची चव लागली की ती मुद्दाम चाटत बसते, पोटात वाळू ओली होऊन तिचा गोळा होतो. त्याच रात्री सगळी वाळू काढून किचन रोल अंथरायला लावलात. दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये पोटातली वाळू पांढरी दिसली, मला तर रडूच आलं. डॉक्टरांनी उपचार केले आणि तिसऱ्या दिवशी शी झाली तेव्हा घरात अक्षरशः टाळ्या वाजल्या.

आणि तुमच्या बाथरूमच्या उरलेल्या फरश्या! गुळगुळीत नको, पाय घसरतात, खरखरीत बाजू वर, हे मला कुठून सुचणार होतं. खालच्या हीट मॅटची ऊबही फरशीतून पोटाला छान लागते, फक्त थर्मोस्टॅट हवाच हे तुम्ही चारदा बजावलंत. मी पाइनचा भुसा आणणार होते, तोही अडवलात, त्या वासाच्या तेलाने फुप्फुसांना त्रास होतो म्हणून. कात टाकायला ओल्या मॉसचा डबा ठेवलाय, आता बोटांना कात अडकत नाही.

७० टक्के माती आणि ३० टक्के प्ले सँड (मुलांच्या खेळायची साधी वाळू) असं मिश्रण मोठ्या, तब्येतीने ठणठणीत गेकोला चालतं म्हणालात, पटलं, पण माझी हिंमत होत नाहीये अजून.

तुमचं ड्रिल आमच्याकडेच आहे. रविवारी आणून देते, बरोबर पोहे पण आणते, खायचे.