वह्या पुरेत, पोळ्याच्या आत शब्द द्या
ऊसतोड कामगारांच्या नववी-दहावीतल्या मुलांसाठी शिक्षण निधी समितीचे आवाहन

बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या भागातली मुलं जूनमध्ये शाळा सोडत नाहीत. सोडतात ती दसरा-दिवाळीला, आईबापांबरोबर ट्रॅक्टरवर बसून. कारखान्याचा पट्टा मार्च-एप्रिलात पडतो, म्हणजे गाळप संपतं, तेव्हा परत येतात. तोवर दुसरं सत्र गेलेलं असतं. जूनमध्ये दप्तरं-वह्या वाटणारी मंडळं पुष्कळ आहेत. अडचण आहे ती दसऱ्यानंतरच्या सहा महिन्यांची, आणि निधी हवा तो त्यासाठीच.

आठवीपर्यंत पुस्तकं, शालेय पोषण आहार, हंगामी वसतिगृह असा काही ना काही आधार असतो. स्थलांतर करणाऱ्या मुलाला शिक्षण हमी कार्डावर कारखान्याजवळच्या शाळेत बसता येतं, पण ऊसतोडीची टोळी बेळगावकडे गेली तर तिथली शाळा बहुधा कन्नड. नववीपासून हे आधार सुटतात आणि दहावीला बोर्डाची ७५ टक्के हजेरीची अट येते. शिवाय ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि चौदा-पंधरा वर्षांचं पोर ‘अर्धा कोयता’ म्हणून धरलं जातं. मुलगी असेल तर तिला एकटी मागं ठेवायची कशी, या धास्तीनं तिचं लग्नच उरकून टाकतात.

म्हणून मूल गावात आजी-आजोबांकडे राहावं, एवढीच ही योजना. एका मुलाचा ऑक्टोबर ते मार्च खर्च असा धरला आहे: किराणा-भाजीपाला दरमहा १,२०० प्रमाणे ७,२००, एसटीचा सवलतीचा पास १,८००, पुस्तकं-वह्या व बोर्डाचा फॉर्म १,५००, दवाखाना ५००. एकूण ११,००० रुपये. मुलींना एसटीचा पास मोफत असल्यानं त्यांचे ९,२००. धान्य यात धरलेलं नाही, ते रेशनवर मिळतं. मात्र आजीचं नाव कार्डावर हवं आणि मशीनवर तिचा अंगठा उमटायला हवा. उभा जन्म खुरप्यात गेलेल्या हातांचे ठसे अनेकदा जुळत नाहीत. त्यामुळे ही तपासणी आम्ही सप्टेंबरातच करून घेतो, नाहीतर ऐन नोव्हेंबरात घरात दाणा नसतो.

पोळ्याच्या आत का? मुकादम म्हणजे टोळीचा ठेकेदार; त्याच्याकडून मिळणारी आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, पावसाळ्यातच ठरते. त्या हिशेबात मुलाचा अर्धा कोयता एकदा धरला गेला, की दिवाळीत कितीही पैसे आणून दिले तरी पोर मागं राहत नाही. उचल घेण्याआधी घरच्यांना खात्री द्यावी लागते. पैसे दोन हप्त्यांत दिले तरी चालतील, शब्द मात्र आधी हवा.

पालकांच्या हाती रोख देत नाही, कारण ती उचलीच्या फेडीत जिरते. गावातल्या किराणा दुकानात मुलाच्या नावानं वही असते आणि दुकानदाराला महिनाअखेरीस समिती पैसे देते. एक देणगीदार-एक मूल अशी जोडीही लावत नाही. जानेवारीत एखाद्यानं हात आखडता घेतला तर त्या एकाच पोराचं घर उघडं पडतं. सगळी रक्कम एकत्र निधीत जाते. मुलांचे फोटो किंवा व्हिडिओ कॉल मागू नयेत. हजेरी, सत्राचे गुण आणि खर्चाचा हिशेब दर तिमाहीला कळवू. जुने कपडेही पाठवू नका, ते निवडण्यातच माणसं अडकून पडतात.

योजना मोडते ती बहुतेक वेळा आजीच्या आजारपणानं. थंडीत ती अंथरुणाला खिळली की मुलीची शाळा आधी सुटते. यासाठी गावातल्याच एका बाईला दोन्ही वेळच्या भाकरीसाठी मानधन देण्याची सोय वेगळी ठेवायची आहे. त्यासाठी कुणी ५०० रुपये दिले तरी ते कामी येतील.

आठवीच्या मुलांना एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा, असं शिक्षकांनाही सांगणं आहे. शिष्यवृत्ती लागली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि ते मूल आमच्या यादीतून बाहेर पडतं.

देणगी चेकनं किंवा थेट समितीच्या खात्यात द्यावी, पावती घ्यावी. खाते क्रमांक शाळेच्या कार्यालयात मिळेल. पैसे देणं जमत नसेल तर डिसेंबर-जानेवारीत रविवारी दहावीचं गणित आणि इंग्रजी शिकवणारे दोघे-तिघे हवे आहेत. जेवणाची सोय आमच्याकडे.