निळूभाऊची शेपटी

नेरुळ, १५ फेब्रुवारी

चि. सानू,
अनेक आशीर्वाद.

गेल्या महिन्यात तू फोनवर तीनदा विचारलंस, "ब्लू कसा आहे?" आणि तिन्ही वेळा मी "मस्त आहे" म्हणालो. मस्त नव्हता. तिसऱ्यांदा विचारलंस तेव्हा तर तुझा तो बेटा मासा गोट्यांवर पोट टेकून पडला होता आणि मी टँकसमोर उभा राहूनच तुझ्याशी बोलत होतो. तुझी मिड-सेम चालू होती हे कारण खरं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं असं की त्याला आजारी मीच पाडलं होतं.

आता तो बरा आहे. हे आधीच लिहून टाकतो, नाहीतर पत्र अर्धवट टाकून तू फोन लावशील. फोनवर मला हे सांगता येणार नाही, मी पुन्हा "मस्त आहे" म्हणेन. (तुझं "मेसचं जेवण ठीक आहे" मी त्याच कानाने ऐकतो, हे जाता जाता.)

झालं असं. भोगीच्या दिवशी आईने साफसफाई काढली. माळ्यावरचे डबे खाली आले, मला पंखे पुसायला लावलं. पंखे उरकले, हात ओलेच होते, म्हटलं टँकही करून टाकू. निळूभाऊला पातेल्यात काढलं. (आई आणि मी त्याला निळूभाऊच म्हणतो, तुझं ब्लू आमच्या तोंडात बसत नाही.) वीसच्या वीस लिटर पाणी ओतून दिलं. गोटे नळाखाली चोळून धुतले. आणि तो काळपट, बुळबुळीत झालेला स्पंज फिल्टर सिंकमध्ये धरून पिळला, पुन्हा पिळला, अगदी नवा दिसेपर्यंत पिळला. नवं पाणी भरलं, अँटिक्लोरिनचे थेंब मोजून टाकले, मासा सोडला. टँक असा चकाचक दिसत होता की आईने तिळगूळ वळता वळता उठून येऊन कौतुक केलं.

तू आत्ता कपाळाला हात लावला असशील.

अगं, २८ वर्षं मी काय केलं? रबाळ्याच्या कंपनीत ईटीपी चालवला. केमिकलचं सांडपाणी साफ करणारा तो प्लँट चालतो कशावर? मोटारी आणि ब्लोअर दिसतात, पण खरं काम करतात एरेशन टँकमधले जिवाणू. आम्ही त्याला कल्चर म्हणायचो. दिसायला चिखल. नव्या माणसाला वाटतं ही घाणच काढून टाकायची आहे. एकदा रात्रपाळीच्या एका पोराने फरशी धुतलेलं ब्लीचिंगचं पाणी थेट तिकडे वळवलं. सकाळी कल्चर मेलेलं. नंतर आम्ही पोतंपोतं शेण आणि गूळ टाकून ते परत उभं केलं, त्यात तीन आठवडे गेले. त्या पोराला मी जे बोललो होतो ते तुला लिहून कळवण्यासारखं नाही.

तुझ्या टँकमधल्या स्पंजात तेच असतं. मासा कल्ल्यांमधून अमोनिया सोडतो, उरलेले दाणे कुजून आणखी होतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशाला थोडंफार चालतं, आधीचे दोन्ही विष. हे चक्र मीच तुला सातवीच्या विज्ञान प्रदर्शनाला थर्माकोलवर काढून दिलं होतं. आणि मीच ते क्लोरिनच्या नळाखाली धरून सिंकमध्ये सोडलं, कारण काळं दिसत होतं.

१७ तारखेला पहिल्यांदा जाणवलं. पर मिटून घेतलेले, छत्री बंद करावी तसे. दाणे टाकले तर बघून न बघितल्यासारखं केलं. अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घ्यायचा आणि परत तळाशी. हवेतून श्वास घ्यायची सोय या जातीला मुळातच आहे, म्हणून तर दुकानदार त्यांना प्लॅस्टिकच्या ग्लासात कोंबून ठेवतात आणि आपल्याला वाटतं यांना पाणी कसलंही चालतं. जगतो म्हणजे चालतं असं नाही. शेपटीची कड उंदराने कुरतडल्यासारखी झाली होती आणि कडेला काळी रेघ.

मी थंडीवर ढकललं. यंदा जानेवारीत सकाळी खिडकीशेजारी खरंच गारवा होता, टँकमधला थर्मामीटर २१ दाखवत होता आणि याला २५ ते २७ लागतं. पण ते एकच कारण नव्हतं, आणि मला आतून ते ठाऊक होतं असं आता वाटतं.

मग दुकानात गेलो. दुकानदाराने प्रश्न एकही विचारला नाही, बाटल्या तीन दिल्या. निळं औषध, पिवळी पावडर आणि 'जनरल टॉनिक'. मासे कधी टॉनिक घ्यायला लागले कोण जाणे. मी शहाण्यासारखं तिन्ही टाकलं. निळं औषध म्हणजे मेथिलिन ब्लू, ते बुरशीवर उपयोगी आहे, पण ते बादलीत वेगळं द्यायचं असतं. टँकमध्ये टाकलं की काचेच्या सांध्यातलं सिलिकॉन कायमचं निळं होतं आणि स्पंजात जे काही चुकूनमाकून वाचलेलं असतं तेही जातं. तीन दिवसांत शेपटी एक-तृतीयांश संपली. निळ्या पाण्यात निळा मासा, दिसायचाही नाही धड. रात्री टॉर्च मारून बघायचो, कल्ले हलतायत ना.

२२ तारखेला शेवटी डोकं चाललं. टँकचं पाणी बाटलीत भरलं आणि जुन्या कंपनीच्या लॅबमध्ये नेलं. गेटवर अजून ओळखतात. लॅबमधला मुलगा पाणी बघून म्हणाला, "साहेब, हे कुठल्या डाय कंपनीचं आणलंत?" रंगामुळे थेट टेस्ट होईना, बिचाऱ्याने आधी डिस्टिलेशन केलं, मग नेसलर टाकलं, अमोनिया असला की पाणी पिवळं करणारं रसायन. पाणी पिवळं होत गेलं तसा माझा चेहरा उतरत गेला. अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम. आम्ही आउटलेटचं पाणी सोडायचो तेव्हा नियमाने ५० पर्यंत मुभा होती, २ आला असता तर पेढे वाटले असते. टँकमध्ये तो शून्य हवा.

त्या मुलाने विचारलं, "फिल्टर धुतलात का?" मी म्हटलं, "नाही, पंप बिघडला होता." म्हणजे तुझ्याशीच नाही, सगळ्यांशीच खोटं बोलत होतो.

नवं कल्चर आपोआप तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा वेळ नव्हता. प्लँटमध्ये असं झालं तर आम्ही शेजारच्या कंपनीतून टँकरभर चिखल आणायचो. इथे शेजारी म्हणजे सी विंगमधला ईशान, आठवीतला. त्याच्याकडे गप्पी आहेत, दोन वर्षांचा चालता टँक. संध्याकाळी सात वाजता त्याच्या दारात उभा राहिलो आणि म्हटलं, "मला तुझ्या फिल्टरची घाण हवी आहे." त्याच्या आईने माझ्याकडे जे बघितलं!

पोरगं मात्र हुशार निघालं. आधी त्याने विचारलं, माझे गप्पी आजारी नाहीत, पण काका, तुमची बादली आणि जाळी वेगळी ठेवाल ना, माझ्या टँकमध्ये परत काही आणू नका. मग स्वतःच्या स्पंजचा अर्धा तुकडा कात्रीने कापून त्याच्याच टँकच्या पाण्यात, डब्यात घालून दिला. वर बजावलं, "नळाखाली धरू नका हं." मी "बरं" म्हणालो. सोसायटीत सगळे मला पाण्यातला एक्स्पर्ट समजतात, ते त्याला कोणी सांगितलं नसावं.

पुढचं सगळं कंटाळवाणं आहे आणि त्यानेच मासा वाचला. आधी दोन दिवस अर्धं अर्धं पाणी बदलून निळा रंग काढला. मग रोज सकाळी ५ लिटर. मोरबे धरणाचं नळाचं पाणी आदल्या रात्री बादलीत भरून, अँटिक्लोरिन टाकून, सकाळी टँकच्या तापमानाला आणून, मगाने हळूहळू. औषध बंद, सगळी. ५० वॉटचा छोटा हीटर आणला. आई म्हणाली, "मला गिझर लावताना बिल आठवतं आणि माशाला हीटर!" पण तिनेच तो भिंतीकडच्या प्लगला लावून दिला. एकदम २७ केलं नाही, दिवसाला एक-दोन अंश चढवलं.

खडामीठ टाकलं, साधं, आयोडीनचं नाही. लिटरला १ ग्रॅम, आधी मगभर पाण्यात विरघळवून. इथे एक मेख आहे, ती तुला इंजिनियर म्हणून आवडेल. मीठ उडून जात नाही. ५ लिटर काढलं तर ५ ग्रॅमच परत घालायचं, रोज वीस घालत गेलो तर आठवड्यात खाडी होईल. दहा दिवसांनी मीठ घालणं थांबवलं, पाणी बदलत बदलत ते आपोआप उतरलं.

आणि बदामाचं पान. हे आईचं खातं. आम्ही ज्वेल पार्कला सकाळी फिरायला जातो, येताना सेक्टरच्या आतल्या रस्त्याला देशी बदामाची झाडं आहेत ना, जानेवारीत लालभडक होऊन गळणारी? थायलंडमधले बेटा पाळणारे पिढ्यान् पिढ्या हीच पानं पाण्यात टाकतात, असं मी वाचलं होतं. बेटा मूळचा तिकडचाच, भातखाचरांतला आणि उथळ पाणथळीतला. २०१९ मध्ये त्यांनी त्याला राष्ट्रीय जलचर जाहीर केलं. तर आई रोज खाली वाकून, निरखून, कीड नसलेलं, पूर्ण वाळलेलं पान निवडून आणायची, पूजेला बेल निवडावा तशी. धुऊन अर्धं पान टाकलं की दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं. त्यातलं टॅनिन जंतूंना थोडं आवरतं आणि पाणी किंचित आम्लाकडे झुकवतं. तसं झालं की अमोनियाचं विष सौम्य होतं, ही माझी पुस्ती. आईला पुस्तीची गरज नव्हती. तिचं म्हणणं, त्याला गावचं पाणी मिळालं.

तीन दिवस उपाशी ठेवला. आईचा जीव वरखाली, आजारी माणसाला निदान पेज तरी देतात म्हणे. पण खात नसलेल्या माशापुढे दाणे टाकणं म्हणजे अमोनिया टाकणं. २६ जानेवारीला खाली झेंडावंदन चालू होतं, लाउडस्पीकरवर गाणी, आणि मी एक दाणा टाकला. वर आला. तोंडात घेतला, थुंकला, परत घेतला. मी आईला हाक मारली तर ती म्हणाली, "अहो, राष्ट्रगीत चालू आहे." दोघं टँकसमोर सावधान उभे राहिलो.

लॅबच्या मुलाला दर चार-पाच दिवसांनी बाटली नेऊन देत होतो. १, मग ०.५, मग अगदी फिकट पिवळं. १० फेब्रुवारीला नेसलर टाकल्यावर पाणी तसंच राहिलं, स्वच्छ. त्या दिवशी मी त्याला खरं सांगितलं. तो म्हणाला, "साहेब, मला तेव्हाच वाटलं होतं."

शेपटीबद्दल. ४ तारखेला आईला पहिल्यांदा कडेला काहीतरी दिसलं, बटर पेपरसारखं पारदर्शक. मला वाटलं बुरशी, आणि हात निळ्या बाटलीकडे गेलाच होता. आईने धरला. नवी वाढ अशीच रंगाशिवाय येते. आता ती अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त आहे आणि मुळाकडून रंग भरायला लागलाय, पण जुना गडद निळा नाही, फिकट, धुतलेल्या जीन्ससारखा. जुनी आणि नवी शेपटी जिथे जोडली जाते तिथे रेघ स्पष्ट दिसते, कदाचित तशीच राहील. तू बघितल्यावर तुला आधी तीच दिसेल, म्हणून सांगून ठेवतो.

होळीला येशील तेव्हा विदर्भ एक्स्प्रेसने ठाण्याला उतर, मी स्टेशनवर येतो, तिथून नेरुळ लोकल. येताना त्याच्यासाठी काही आणू नकोस, टॉनिक तर नाहीच. ईशानसाठी मात्र संत्र्याची बर्फी आण. आणि फिल्टर कळकट दिसला तर दिसू दे. मी त्यावर कागद चिकटवलाय, "धुवू नये". आईने खाली लिहिलंय, "विशेषतः ह्यांनी".

तुझा,
बाबा

ता. क. आईचा पांढरा टर्किश टॉवेल कुठे गेला असं ती तुला विचारेल. तो माळ्यावर, तुझ्या जुन्या वह्यांच्या खोक्यात आहे. निळा.