मागच्या सीटचा हिशेब

भोसरी, मंगळवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी नव्या गाडीचं काढलं तर बाबा म्हणाले, “एवढ्या पैशात कराडात फ्लॅट येतो,” आणि फोन आईकडे दिला. येतो, खरं आहे. पण फोनवर मला पुरतं बोलू दिलं जात नाही, म्हणून लिहितेय.

चाळून चाळून दोनच गाड्या राहिल्यात. मर्सिडीजची ई-क्लास आणि बीएमडब्ल्यूची ५ सीरिज, ती ५३० एलआय. या दोन्ही आपल्याकडे लांब व्हीलबेसच्याच मिळतात. आई, व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर. मर्सिडीजचं ३,०९४ मिलिमीटर, बीएमडब्ल्यूचं ३,१०५. ही वाढवलेली लांबी मागे बसणाऱ्याच्या पायाशी जाते. मालक मागे पेपर वाचत बसणार आणि ड्रायव्हर चालवणार, असं धरूनच गाडी आखलीय. माझ्याकडे ड्रायव्हर नाही आणि मला ठेवायचाही नाही. घोळ नेमका इथे आहे.

चालवायला म्हणाल तर बीएमडब्ल्यू. तिचं दोन लिटरचं पेट्रोल इंजिन २५८ हॉर्सपॉवरचं, शून्य ते शंभर साडेसहा सेकंदांत. मर्सिडीजची ई २०० आहे २०४ हॉर्सपॉवरची, तिला एक सेकंद जास्त लागतो. एका सेकंदाने काय होतंय, असं बाबा म्हणतील. मीही तेच म्हणत होते. पण ट्रायलला चांदणी चौकातून हायवेला लागले, पाय जरा दाबला, आणि दिवसभर डोक्यात असलेली वर्कशॉपमधली डायची, म्हणजे साच्यांची ऑर्डर, पार्टीचं थकलेलं पेमेंट, सगळं दोन मिनिटं गायब झालं. सेल्समन शेजारी हँडल धरून बसला होता.

मर्सिडीजची डिझेलही आहे, ई २२० डी. हॉर्सपॉवर १९७, पण टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, ४४० न्यूटन मीटर, म्हणजे कराडच्या फेऱ्यांना ती जास्त शहाणी. फक्त डिझेल म्हटलं की अॅडब्लू, म्हणजे धूर साफ करणारं द्रव, भरत राहा आणि आरटीओचा करही जास्त भरा. आपल्या राज्यात एवढ्या किमतीच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के कर, डिझेलला १५. कंपनीच्या नावावर घेतली तर सरळ २० टक्के. बीएमडब्ल्यू आली तेव्हा शोरूमची किंमत ७२ लाख ९० हजार होती. त्यावर धरलं तर माझ्या नावावर साडेनऊ लाख आणि वर्कशॉपच्या नावावर साडेचौदा. सीए म्हणतात, कंपनीच्या नावावर घेतली तर दरवर्षी घसारा मिळतो, म्हणजे गाडीची घटलेली किंमत खर्चात धरता येते, त्यातून वसूल होईल. मला तो हिशेब अजून पटलेला नाही. एक बरं झालं, २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर जीएसटी आणि सेस मिळून जे ४८ टक्के लागायचे ते ४० वर आले. गेल्या वर्षी बाबांनी “थांब जरा” म्हणून अडवलं होतं, त्याचे आभार. हे वाक्य आईने त्यांना दोनदा वाचून दाखवू नये.

आता मागची सीट. दोन्ही ठिकाणी मी मुद्दाम तुझ्यासारखी बसून बघितलं, आई. फिजिओवाल्या बाईंनी ऑपरेशननंतर शिकवलं होतं ना, आधी पाठमोरं टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, अगदी तसं. सेल्समनला वाटलं माझी कंबर गेली. सीट दोन्हींची खालीच आहे, त्यात काही लपवत नाही. पण एकदा आत बसलं की मर्सिडीजची पाठ बटणाने मागे झुकते, मांडीखालचा भाग पुढे सरकतो, आणि पुढची सीटही मागूनच पुढे ढकलता येते. बीएमडब्ल्यूमध्ये जागा ऐसपैस, पण पाठ झुकत नाही. वरचं काचेचं छप्पर मोठं आहे, तेही उघडत नाही. मात्र तिच्या सीटला कातडं नाही, अजिबात. हे ऐकून मला पहिली तुझी तुळशीची माळच आठवली.

दुसरं, आपल्या गल्लीचं. मर्सिडीज ५,०९२ मिलिमीटर लांब, बीएमडब्ल्यू ५,१६५. म्हणजे सात सेंटिमीटरचा फरक, आणि रुंदीलाही ती थोडी जास्तच. पाराजवळच्या वळणाला माझी आत्ताची गाडीच दोनदा मागे घ्यावी लागते आणि समोरच्या काकू ओट्यावरून “अजून घे, अजून घे” करतात. बाबा, टेप घेऊन ते वळण एकदा मोजून ठेवा. मी गंमत करत नाहीये.

एसी तर दोन्हींचा पडद्यावरूनच चालतो. पूर्वीसारखी फिरवायची खुंटी कुठेच राहिलेली नाही. याचा मला राग येतो, पण कोणाला सांगणार?

आणि बाबा, तुम्ही तोंडाने म्हणणार नाही, पण तुमचं मन कुठे आहे ते मला ठाऊक आहे. १९९५ साली टेल्कोच्या, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरीच्या आवारात मर्सिडीजची पहिली ई-क्लास जोडली गेली, तेव्हा तुम्ही सेकंड शिफ्ट करून घरी आलात आणि जेवता जेवता फक्त तिच्या दाराच्या आवाजाबद्दल बोललात. “दार लावलं की टप असा आवाज येतो, ठण् नाही.” पुढे वर्षभर आपल्याकडे पाहुण्यांच्या प्रत्येक गाडीचं दार तुम्ही लावून बघायचात. आता ती चाकणला बनते आणि बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ. दोन्हींची दारं मी लावून पाहिली. मला फरक कळला नाही, माझे कान तुमचे नाहीत.

मला मनातून बीएमडब्ल्यू हवी आहे, हे लिहूनच टाकते. पण रोज मी एकटी चालवणार आणि एवढी लांबवलेली मागची जागा लॅपटॉपची बॅग घेऊन फिरणार. तुम्ही वर्षातून दोनदा येता, तेही एसटीने, आणि स्वारगेटला उतरून मग फोन करता. महिन्याला एकदा मी न्यायला येईन आणि तुम्ही कुरकुर न करता बसाल, असं कबूल करत असाल तर मर्सिडीज. नाहीतर मी माझ्या सीटचा विचार करते.

शनिवारी रात्री मी कराडला येते, रविवारी सकाळी आपण तिघं निघू. दोन्ही शोरूमची वेळ घेतलीय, ११ ची आणि १ ची. आईने गुडघ्याचा पट्टा लावूनच यावं. आणि बाबा, सेल्समन दार लावायला धावत येईल. त्याला लावू देऊ नका.

तुमची,
मुक्ता